अहवाल नॉर्मल, पण माणूस बरा नाही: निवृत्त पॅरा कमांडोच्या पत्नीला सविस्तर उत्तर

विट्याजवळच्या एका गावातून एका ताईंनी लिहून विचारले आहे. त्यांचे पती 19 वर्षे फौजेत होते. सुरुवातीला पायदळाच्या पलटणीबरोबर ते सियाचीनला राहून आले आणि पुढे निवड होऊन पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये गेले. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या 39 व्या वर्षी, ते पेन्शनीवर घरी आले. तेव्हापासून गुडघे आणि कंबर धरलेली असते, कानात सतत किणकिण चालते, डोके दुखते, रात्री दोन-तीन तासांपलीकडे झोप लागत नाही आणि लागली की ते जोरात घोरतात. बारीकसारीक गोष्टी विसरतात, बोललेले ऐकून न ऐकल्यासारखे करतात, क्षुल्लक कारणावरून भडकतात आणि विचारले तर ‘मला काही झालेले नाही’ म्हणतात. हाडांच्या, कानाच्या आणि मेंदूच्या अशा तीन डॉक्टरांना दाखवून झाले. एमआरआय नॉर्मल आला, रक्ताचे बहुतेक अहवालही नॉर्मल आले, फक्त टेस्टोस्टेरॉन कमी निघाले आणि ओळखीच्या जिमवाल्याने त्याची इंजेक्शने सुचवली. रोज रात्री कँटीनची रम लागते. फौजेतून सुटताना त्यांची वैद्यकीय श्रेणी शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, अशी होती. हे सगळे नेमके काय आहे, सुरुवात कुठून करायची आणि सरकारदरबारी याची काही दखल घेतली जाईल का, असे ताईंचे तीन प्रश्न आहेत. शेवटी त्यांनी हेही लिहिले आहे की मुलगा 16 वर्षांचा आहे आणि त्यालाही पॅरा सैनिकांची मरून रंगाची टोपीच हवी आहे.

मी फिजिशियन आहे. उमेदीची काही वर्षे सैन्याच्या वैद्यकीय सेवेत काढली आणि त्यानंतर साताऱ्यात व्यवसाय करतो. कोरेगाव, खटाव, माण आणि घाटमाथ्याखालून खानापूर-तासगावपर्यंतचे माजी सैनिक माझ्याकडे येतात. ताईंच्या पतींना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांना अमुक एक आजार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांनी लिहिलेली लक्षणे अशाच क्रमाने, अशाच वयात आणि अशाच सेवेनंतर मी पुष्कळ वेळा ऐकलेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की ही आठ वेगवेगळी दुखणी आहेत असे समजून आठ डॉक्टरांकडे जाणे थांबवावे. गुडघ्याच्या डॉक्टरांनी गुडघा पाहिला, कानाच्या डॉक्टरांनी कान पाहिला आणि दोघांनीही आपापल्या जागी योग्यच सांगितले असेल, पण हा माणूस 19 वर्षे काय करत होता हे कोणी विचारले का? कमांडोच्या शरीरातील दुखणी एकमेकांत गुंतलेली असतात. झोप बिघडली की दुखणे वाढते, दुखणे वाढले की दारू वाढते, दारूने झोप आणखी बिघडते, अपुऱ्या झोपेने हार्मोन खाली येतात आणि स्मरणशक्ती व संयम या दोन्हींवर परिणाम होतो. प्रत्येक अहवाल स्वतंत्रपणे जवळजवळ नॉर्मल असू शकतो आणि तरीही माणूस एकंदरीत आजारी असू शकतो.

या एकत्रित चित्राला अमेरिकेत एक नाव मिळाले आहे. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली स्पेशल फोर्सेसच्या सैनिकांविषयी एक शोधनिबंध लिहिला आणि त्यात ‘ऑपरेटर सिंड्रोम’ ही संज्ञा वापरली. मेंदूला बसलेला मार, हार्मोनांतील बिघाड, झोपेत श्वास अडकणे, सांध्यांची जुनी दुखणी, डोकेदुखी, सतत सावध राहण्याची सवय, राग, नैराश्य, व्यसन, पती-पत्नीतील दुरावा ही सगळी लक्षणे त्यांनी एका सूत्रात मांडली. त्यामागे त्यांनी धरलेली कल्पना जुनी आहे. ब्रूस मॅकईवेन आणि एलिअट स्टेलर यांनी 1993 साली मांडले होते की शरीर प्रत्येक ताणाशी जुळवून घेते, पण त्या जुळवून घेण्याचीच किंमत वर्षानुवर्षे साठत जाते आणि अखेर रक्तदाब, साखर, पोटाची चरबी व प्रतिकारशक्ती यांच्या बिघाडातून ती बाहेर पडते. एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. ऑपरेटर सिंड्रोम हे अधिकृत निदान नाही, त्याची एकच अशी तपासणी नाही, आणि यावरचे बहुतेक संशोधन अमेरिकी सैनिकांवर झालेले आहे. मी या संज्ञेचा उपयोग काय काय तपासायचे हे न विसरण्यासाठी करतो. केस पेपरवर निदान म्हणून ती लिहीत नाही.

आपल्या भागात या विषयाला एक अवघड बाजू आहे. अपशिंगे मिलिटरीसारखे गाव, जिथे पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांचे स्मारक आहे, ते ज्या जिल्ह्यात आहे तिथे सैन्य ही घराण्याची ओळख असते. 21 पॅरा स्पेशल फोर्सेस ही पलटण मुळात मराठा लाइट इन्फंट्रीचीच होती आणि 1996 साली तिचे रूपांतर झाले. त्याच पलटणीतून आलेले पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्यात 41 राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करताना शहीद झाले, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असते. जो परतला नाही त्याच्याबद्दल बोलायला आपल्याकडे भाषा आहे, प्रथा आहेत, चौक आहेत. जो सुखरूप परतला आणि चाळिशीत जिना उतरताना कठडा धरतो, त्याच्याबद्दल बोलायचे कसे हे आपल्याला उमजलेले नाही. त्यामुळे तो स्वतःही बोलत नाही. ‘मला काही झालेले नाही’ हे ताईंच्या पतींचे उत्तर मी त्यांच्या हट्टीपणाचे लक्षण मानत नाही. बरोबरच्या कोणाचा हात गेला, कोणाचा पाय गेला, मग आपल्या कंबरेचे काय सांगायचे, असा हिशेब त्यामागे असतो.

आता मेंदूविषयी, कारण नॉर्मल एमआरआयने सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. डोक्याला खोक पडली, बेशुद्ध झाला, तरच मेंदूला इजा, असे आपण धरून चालतो. कमांडोच्या बाबतीत इजा बहुधा तशी नसते. खांद्यावरून 84 एमएम रॉकेट लाँचर डागताना, दार उडवण्यासाठी स्फोटक लावून काही पावलांवर थांबताना, ग्रेनेडच्या सरावात, सुरुंगाच्या आसपास, हवेच्या दाबाची एक लाट डोक्यातून आरपार जाते. माणूस पडत नाही, क्षणभर सुन्न होतो, डोके झटकतो आणि कामाला लागतो. असा मुका मार एकदा बसला तर बहुतेक वेळा भरून निघतो. तो वर्षानुवर्षे, बहुतांशी शत्रूकडून नव्हे तर स्वतःच्याच सरावात, शेकड्यांनी बसत राहतो हा खरा प्रश्न आहे. याच कारणाने अशा लाँचरच्या सरावात एका जवानाने दिवसाला किती गोळे डागावेत यावर मर्यादा घातलेल्या असतात.

2016 साली मेंदूच्या विकृतींचे अमेरिकी तज्ज्ञ डॅनिएल पर्ल यांच्या गटाने स्फोटाला सामोरे गेलेल्या मृत सैनिकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा मेंदूतील करडा आणि पांढरा भाग जिथे मिळतो त्या सीमेवर आणि रक्तवाहिन्यांच्या भोवती एका विशिष्ट प्रकारचे व्रण त्यांना आढळले. अशा प्रकारचे व्रण नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसत नाहीत. पुढे 2024 साली अमेरिकेच्या सेवेत असलेल्या 30 स्पेशल फोर्सेस सैनिकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात स्फोटांना जास्त सामोरे गेलेल्यांच्या मेंदूत, भावना व निर्णयावर ताबा ठेवणाऱ्या पुढच्या भागात, फरक दिसला. 30 ही संख्या लहान आहे आणि त्यावरून कोणा एका माणसाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. परंतु ताई, तुमच्या पतींचा एमआरआय नॉर्मल आहे याचा अर्थ गाठ नाही, रक्तस्राव नाही, पक्षाघात नाही, एवढाच घ्यावा. विसरभोळेपणा, प्रखर उजेड सहन न होणे, गर्दीत दोन माणसांचे बोलणे वेगळे न काढता येणे, मान वळवली की तोल जाणे, अशा तक्रारी असतील तर स्मरणशक्ती व एकाग्रतेची सविस्तर चाचणी आणि तोलाची तपासणी करून घ्यावी. तोलाच्या बिघाडावर व्यायामाने पुष्कळ उतार पडतो आणि ती तपासणी बहुतेकांची राहूनच जाते.

झोपेवर मी सर्वांत जास्त भर देतो, कारण या सगळ्या गुंत्यात लवकरात लवकर हाताशी लागणारे टोक तेच आहे. स्पेशल फोर्सेसच्या कामात रात्र हा कामाचा वेळ असतो. आठवडेच्या आठवडे दिवसा तुकड्या-तुकड्यांनी झोपायचे, रात्री जागायचे, आणि झोपेतही एक कान उघडा ठेवायचा, अशी सवय लागते आणि ती पेन्शनच्या कागदाबरोबर सुटत नाही. त्यात सुटल्यावर व्यायाम कमी होतो, जेवण तेच राहते, वजन आठ-दहा किलोने वाढते, मान जाड होते आणि झोपेत घसा मिटून श्वास अडकू लागतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. रात्रीतून कितीतरी वेळा रक्तातला प्राणवायू खाली जातो, मेंदू धसका घेऊन माणसाला अर्धवट जागा करतो, आणि सकाळी उठल्यावर डोके जड, तोंड कोरडे, चिडचिड. वाईट स्वप्ने, दचकून उठणे हे केवळ मनाचे आहे असे मानून वर्षानुवर्षे झोपेच्या गोळ्या दिलेले रुग्ण मी पाहिले आहेत, ज्यांना मुळात श्वास अडकण्याचा त्रास होता. अशा माणसाला अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी आणि वर रम हे मिश्रण धोकादायक आहे, कारण दोन्ही श्वसन मंदावतात. म्हणून माझी विनंती आहे की बाकी कोणतीही तपासणी मागे पडली तरी चालेल, पण स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, आधी करावी. ती आता घरच्या घरी लहान यंत्र लावूनही होते. ताईंनी एक करावे: ते झोपलेले असताना श्वास काही सेकंद थांबून मग जोराने घोरल्यासारखा सुरू होतो का, हे पाहावे आणि मोबाइलवर मिनिटभराचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे. त्या एका मिनिटाने बरीच चर्चा वाचते.

स्लीप ॲप्निया निघाला तर सीपॅप यंत्र, म्हणजे हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे यंत्र, लागते. तोंडाला मुखवटा लावून झोपायला फौजी माणूस पहिल्यांदा साफ नकार देतो. ज्याने प्राणवायूचा मुखवटा लावून विमानातून उडी मारलेली आहे त्याला हा मुखवटा जमणार नाही का, असे मी विचारतो, आणि बहुतेक जण हसून तयार होतात. ॲप्निया नसेल आणि नुसती झोपच लागत नसेल तर गोळीपेक्षा झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धती अधिक टिकाऊ ठरते. तिच्यात उठण्याची वेळ पक्की करणे, झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जाणे आणि पलंगावर जागे पडून न राहणे, अशा गोष्टी काही आठवडे शिस्तीने कराव्या लागतात. शिस्तीचा भाग असल्यामुळे सैनिकांना ती इतरांपेक्षा चांगली जमते, असा माझा अनुभव आहे.

टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनाबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: जिममधून घेऊ नका. टेस्टोस्टेरॉन कमी असण्याला कारणे अनेक असतात. अपुरी झोप, स्लीप ॲप्निया, वाढलेले पोट, रोजची दारू, काही वेदनाशामके, आणि मुक्या माराने पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या कामात आलेला बिघाड. या शेवटच्या शक्यतेकडे दुर्लक्ष करू नये. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात स्फोटाचा मार बसलेल्या 26 माजी सैनिकांपैकी 11 जणांत पिट्युटरीच्या कुठल्या ना कुठल्या हार्मोनात दोष आढळला होता. म्हणून सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त देऊन टेस्टोस्टेरॉन पाहावे आणि सोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, थायरॉइड व सकाळचे कॉर्टिसॉल तपासावे. दुपारी चार वाजता दिलेल्या एका नमुन्यावरून काही ठरवू नये. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की शरीराची स्वतःची निर्मिती थांबते, वीर्यातील शुक्राणू घटतात, स्लीप ॲप्निया वाढू शकतो आणि रक्त घट्ट होते. त्यातला शेवटचा मुद्दा तुमच्या घरी विशेष महत्त्वाचा आहे, कारण तुमचे पती सियाचीनला राहून आलेले आहेत.

अतिउंचीवरच्या सेवेचे परिणाम समजून घेण्यात भारतीय सैन्याच्या डॉक्टरांचा वाटा जगात मोठा आहे. 1962 च्या युद्धात मैदानी मुलखातले जवान थेट हिमालयात नेले गेले, त्यांच्यावरच्या निरीक्षणांतून इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी 1,925 सैनिकांच्या पर्वतीय आजाराचा अभ्यास 1969 साली प्रसिद्ध केला. एप्रिल 1984 पासून सियाचीनवर आपली ठाणी आहेत आणि त्यांतली काही 6,000 मीटरच्याही वर आहेत. 5,500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, म्हणजे त्याहून वर प्राणवायू निम्म्याहून कमी. शरीर त्यावर उपाय म्हणून तांबड्या पेशी वाढवते, रक्त दाट होते, थंडीने पाणी कमी प्यायले जाते, बर्फाच्या वादळात दिवसेंदिवस तंबूत बसून राहावे लागते, आणि शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात. दीर्घकाळ उंचीवर राहणाऱ्या सैनिकांत अशा गुठळ्यांचे प्रमाण सुमारे 30 पट असल्याचे भारतीय सैनिकी डॉक्टरांनी 2001 साली नोंदवले आहे.

खाली उतरल्यावर रक्त काही आठवड्यांत पूर्ववत होते, तेव्हा सियाचीनला गेलेला प्रत्येक जण आजन्म रुग्ण होतो असे अजिबात नाही. पण तिथे असताना पायाला सूज, छातीत दुखणे, हिमदंश, फुप्फुसात पाणी असे काही झाले होते का, हे त्यांना शांतपणे विचारून लिहून घ्यावे. पूर्वी गुठळी झालेल्या माणसाला टेस्टोस्टेरॉन देणे म्हणजे ती पुन्हा होण्याचा धोका ओढवून घेणे. हिमदंश झालेली बोटे वरून बरी दिसली तरी पुढे थंडीत ठणकतात, बधिर होतात आणि त्या सांध्यांत लवकर संधिवात येतो. बंकरमधल्या रॉकेलच्या बुखारीचा (शेकण्याच्या शेगडीचा) आणि स्टोव्हचा धूर महिनोन्महिने छातीत गेलेला असतो, त्यामुळे दम लागत असेल तर फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणीही करून घ्यावी.

हाडे आणि सांधे यांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते दुखणे दिसते आणि त्यावर उपचार करणारे विटा, मिरज, कराड, सातारा सगळीकडे आहेत. 30 ते 40 किलो वजन पाठीवर घेऊन डोंगर चढण्या-उतरण्याने गुडघ्याची कूर्चा झिजते, पॅराशूटच्या उड्यांनी घोटा आणि कंबरेचे मणके दबतात, हेल्मेटवर रात्री पाहण्याची दुर्बीण लावून मान धरली जाते. माझी तक्रार उपचारांबद्दल आहे. दर दोन-चार दिवसांनी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घेऊन कामावर जाणारे माजी सैनिक मी पाहतो आणि त्यांच्यापैकी काहींचे क्रिएटिनिन वाढलेले निघते, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावलेले असते. रक्तदाब असलेल्या, रोज दारू घेणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडांवर आणि जठरावर या इंजेक्शनांचा दुहेरी मार बसतो. मांडीचे स्नायू बळकट करणे, वजन कमी करणे, पोहणे किंवा सायकल चालवणे हे कंटाळवाणे वाटते, पण उपयोगी तेच आहे. भरतीच्या अकॅडमीत मुलांबरोबर रोज दहा किलोमीटर धावणाऱ्या आणि सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटातल्या हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या माजी कमांडोंना मी धावू नका असे म्हटले की ते माझ्याकडे यायचेच बंद होतात, म्हणून आता मी एवढेच सांगतो की चढ धावा, पण उतार चालत उतरा.

कानाचेही थोडक्यात. रायफलीचा आवाज कानापाशी 150 डेसिबलच्या वर जातो आणि अशा क्षणिक धक्क्यासाठी 140 ही मर्यादा धरली जाते. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. किणकिण पूर्णपणे जात नाही, पण योग्य श्रवणयंत्राने तिचा त्रास खूप कमी होतो. आणि ताई, ‘ऐकून न ऐकल्यासारखे करतात’ ही तुमची तक्रार काही अंशी कानाची असू शकते, तेव्हा आधी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, पाहा.

आता रागाविषयी. वर्षानुवर्षे ज्याचा जीव सावध राहण्यावर अवलंबून होता त्याच्या मेंदूला घर आणि मोहीम यांतला फरक पुन्हा शिकावा लागतो. हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसणे, अनोळखी गाडी दारात थांबली की उठून पाहणे, मुलाला यायला दहा मिनिटे उशीर झाला की संतापणे, हे एकाच मुळातून येते. कवठेएकंदचे दसऱ्याचे दारूकाम (आतषबाजी) पाहायला सगळे पाहुणे निघाले आणि हे एकटे घरी थांबले, असे झाले असेल तर त्यांना आग्रह करू नये. निवड आणि प्रशिक्षण यांमुळे स्पेशल फोर्सेसच्या लोकांत आघातोत्तर मानसिक विकाराचे प्रमाण कित्येक अभ्यासांत इतर सैनिकांपेक्षा कमी दिसते, ही वस्तुस्थिती आहे, त्यामुळे प्रत्येक रागावर तो शिक्का मारू नये. पण नैराश्य मात्र शोधून काढावे लागते, कारण ते रडण्यातून न दिसता चिडण्यातून, गप्प राहण्यातून आणि दारूतून दिसते. ‘माझ्यामुळे तुमचे हाल होतात’, ‘बरोबरचे गेले, मी कशाला राहिलो’ असे शब्द आले तर ते गंभीरपणे घ्यावेत. बँकेच्या किंवा एटीएमच्या सुरक्षेच्या नोकरीसाठी अनेक माजी सैनिकांकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक असते. अशा दिवसांत ती घरात ठेवू नये. परवानाधारकाशी बोलून ती रीतसर पोलीस ठाण्यात जमा करता येते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते, आणि सैन्यदलांसाठी त्याचा स्वतंत्र कक्ष 1 डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या एएफएमसी या सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आहे.

रम एकदम बंद करायला सांगू नका. रोज ठरावीक प्रमाणात पिणाऱ्याने अचानक सोडली तर हात थरथरणे, भ्रम होणे, क्वचित आकडी येणे असे प्रकार तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत घडतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधाच्या आधाराने ती उतरवावी.

मग सुरुवात कुठून करायची? माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या सांगलीच्या पॉलिक्लिनिकमधून. ही योजना 2003 पासून आहे आणि तिथून रेफरल घेतले तर संलग्न रुग्णालयात तपासण्या होतात. सीपॅप यंत्र आणि श्रवणयंत्रही नियमांनुसार मिळू शकते. जाताना तीन अहवालांऐवजी एकच कागद न्यावा. त्यावर कोणत्या वर्षी कुठे होते, किती उड्या मारल्या, कोणती शस्त्रे व स्फोटके हाताळली, कधी डोके सुन्न झाले, उंचीवर किती महिने काढले, हे त्यांच्याच हाताने लिहिलेले असावे. गोपनीय मोहिमांचा तपशील लागत नाही, शरीराला काय झाले एवढेच लागते. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना पाच मिनिटे मिळतात, त्यात हा कागद तुमच्या बाजूने बोलतो. स्लीप स्टडी, ऑडिओग्राम, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, एचबीए-वन-सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (चरबी), यकृताच्या चाचण्या, जीवनसत्त्व डी व बी-12 आणि वर सांगितलेले हार्मोन एवढे पहिल्या फेरीत पुरे. गुंतागुंत निघाली तर पुण्याचे कमांड हॉस्पिटल आहेच.

सरकारी दखलीबद्दल आशा ठेवा, पण हे काम सोपे समजू नका. अडचण शेप-वनमध्येच आहे. कॅटेगरी लागली, म्हणजे वैद्यकीय श्रेणी खाली आली, की टीममधून बाहेर, कोर्स नाही, बढती लांबणीवर, या भीतीने कमांडो दुखणे लपवतो, पलटणीतल्या नर्सिंग असिस्टंटकडून गोळी घेतो आणि नोंद टाळतो. सुटतानाच्या रिलीज मेडिकल बोर्डापुढेही ‘सब ठीक है सर’ म्हणून घरची वाट धरतो. मग कागदावर तो 19 वर्षे निरोगी असतो. तरीही सेवेतल्या परिस्थितीतून सुरू झालेला आणि सुटल्यावर उघड झालेला आजार नियमांनी मान्य केलेला आहे, फक्त त्याला काळाची मर्यादा असते, म्हणून उशीर करू नये. नवे नियम 21 सप्टेंबर 2023 पासून लागू झाले, तेव्हा सुटण्याची तारीख त्याआधीची की नंतरची हे आधी पाहावे. धरमवीर सिंग यांच्या 2013 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर आजाराची नोंद नाही तो निरोगी होता असे गृहीत धरले जाईल आणि पुढचा बिघाड सेवेमुळे नाही हे दाखवण्याची जबाबदारी दावेदारावर टाकता येणार नाही. याचा आधार मिळतो, पण त्यासाठी निदान कागदावर यावे लागते. बंगळूरुच्या पॅराशूट रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करून सगळी वैद्यकीय कागदपत्रे मागवावीत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी, आणि अपिले फेटाळली गेली तरच सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाचा विचार करावा. टक्केवारी ठरवणाऱ्या दलालांपासून लांब राहावे.

मुलाबद्दल. त्याला अडवा असे मी सांगणार नाही आणि अडवून तो थांबेल असेही वाटत नाही. अकॅडमीत 16 व्या वर्षी पाठीवर वाळूची पोती घेऊन डांबरी रस्त्यावर धावायला लावत असतील तर ते बंद करा, कारण त्या वयात हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते आणि नडगीला सूक्ष्म तडे जातात. भरतीला जाण्याआधी त्याचा ऑडिओग्राम करून प्रत घरी जपून ठेवा. भरती झाल्यावर फायरिंगच्या वेळी कानात प्लग घालायचा आणि पडला, आपटला, कान बधिर झाला, डोके सुन्न झाले की त्याच दिवशी सिक रिपोर्टला, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांकडे, जाऊन नोंद करायची, हे त्याला वडिलांनी सांगावे. तुमचे किंवा माझे तो ऐकणार नाही.